रशिया आणि चीन : मैत्री आहे, मग लष्करी युती का नाही?

या मालिकेच्या प्रत्येक भागाखाली एक प्रश्न हमखास येतो. इंदूर, बडोदा, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, जिथे जिथे आपली मराठी मंडळी आहेत तिथून तो येतो. "सर, उद्या चीनशी आपलं युद्ध झालं तर रशिया कोणाच्या बाजूने उभा राहील?" काही जण याच्याही पुढे जाऊन ठामपणे लिहितात की रशिया आणि चीन आता एकच झाले आहेत, आपण एकटे पडलो आहोत. दुसरा गट तितक्याच ठामपणे लिहितो की रशिया आपला जुना मित्र आहे, तो चीनला रोखेल. माझ्या मते दोन्ही गट इतिहास न तपासता बोलत आहेत. म्हणून आज आपण रशिया आणि चीन यांचा गेल्या ७५ वर्षांचा हिशेब मांडू या.

आधी शब्द नीट समजून घेऊ

मी पायदळात आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे 'मैत्री', 'भागीदारी', 'युती' हे शब्द वर्तमानपत्रात एकमेकांच्या जागी वापरलेले पाहिले की मला अस्वस्थ व्हायला होतं. भागीदारी म्हणजे दोघांना फायदा असेल तिथवर एकत्र काम करायचं. तेल विकायचं, विमानं विकत घ्यायची, संयुक्त सराव करायचे, संयुक्त राष्ट्रसंघात एकमेकांना सांभाळून घ्यायचं. लष्करी युती म्हणजे तुमच्यावर हल्ला झाला तर माझा सैनिक तुमच्यासाठी मरेल, असं आधीच लिहून देणं.

लिहून दिलं की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. युद्धात हुकूम कोणाचा चालणार? नकाशे कोणाचे वापरणार? वायरलेसवर कोणत्या भाषेत बोलणार? माझ्या तोफेचा गोळा तुमच्या तोफेत बसतो का? जखमी कुठल्या इस्पितळात जाणार? नेटोने १९४९ साली करार केला आणि १९५१ पर्यंत युरोपात संयुक्त मुख्यालय उभं केलं. दारूगोळ्यापासून इंधनाच्या नळीच्या तोंडापर्यंत सगळ्यांची मापं एक करण्यात त्यांनी पुढची अनेक वर्षं घालवली. रशिया आणि चीन २००५ पासून संयुक्त सराव करत आहेत. २०१९ पासून त्यांची बॉम्बफेकी विमानं एकत्र गस्त घालतात. पण कायमचं संयुक्त मुख्यालय नाही, आणि एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने लढलंच पाहिजे असं बंधन नाही. सरावात शेजारी उभं राहणं आणि युद्धात एका हुकुमाखाली लढणं, यात फार अंतर आहे. २०२२ च्या 'वोस्तोक' सरावात चीनबरोबर आपली भारताची तुकडीही होती, हे लक्षात घ्या म्हणजे सरावाचं वजन किती ते कळेल.

एकदा युती करून पाहिली होती

आता गंमत बघा. या दोघांनी युती कधी केलीच नाही असं नाही. माओ डिसेंबर १९४९ मध्ये मॉस्कोला गेले आणि जवळजवळ दोन महिने तिथे राहिले. स्टालिन यांनी त्यांना बराच काळ ताटकळत ठेवलं. शेवटी १४ फेब्रुवारी १९५० रोजी करार झाला. मुदत ३० वर्षं. जपान किंवा जपानशी हातमिळवणी केलेल्या देशाने हल्ला केला तर एकमेकांना लष्करी मदत करायची. जपानशी हातमिळवणी केलेला देश म्हणजे अमेरिका, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोबत ३० कोटी डॉलर्सचं कर्ज, १ टक्का व्याजाने.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच कोरियाचं युद्ध पेटलं. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य यालू नदी ओलांडून आत गेलं. स्टालिन यांनी हवाई संरक्षण देण्यात आधी चालढकल केली. नंतर मिग-१५ विमानं पाठवली, पण त्यावर रशियाची खूण नव्हती, आणि आपले वैमानिक तिथे आहेत हे मॉस्कोने कबूल केलं नाही. का? अमेरिकेशी थेट युद्ध नको होतं. जमिनीवर मेला तो चिनी सैनिक. वापरलेल्या शस्त्रांचा मोठा भाग उधारीवर होता, आणि ते कर्ज चीनने १९६५ पर्यंत फेडलं. हा हिशेब बीजिंगमध्ये कोणी विसरलं नाही.

नंतर भूमिका उलटल्या. १९५८ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी चिनी किनाऱ्यावर रेडिओ केंद्र आणि संयुक्त पाणबुडी दल असा प्रस्ताव मांडला. माओ भडकले. परकी सत्ता आमच्या बंदरात पुन्हा बसणार का, हा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनने तैवानच्या ताब्यातल्या किमॉय बेटांवर तोफांचा भडिमार सुरू केला, आणि त्याआधी मित्राला विश्वासात घेतलं नाही. आता घाबरण्याची पाळी मॉस्कोची होती. हे माओ आपल्याला अमेरिकेशी अणुयुद्धात ओढणार, असं त्यांना वाटू लागलं. जून १९५९ मध्ये रशियाने अणुबाँबचा नमुना देण्याचं वचन मागे घेतलं. १९६० च्या उन्हाळ्यात हजाराहून जास्त तज्ज्ञ परत बोलावले. ते जाताना आराखडेही घेऊन गेले. अर्धवट कारखाने तसेच पडून राहिले.

म्हणजे दहा वर्षांत युती खिळखिळी झाली. दोघेही कम्युनिस्ट, दोघांचा शत्रू एकच, कागद पक्का. तरीही.

१९६२ : आपल्यासाठी महत्त्वाचं पान

या गोष्टीत भारत कुठे येतो ते पाहू. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला आपली आणि चीनची चकमक झाली. सप्टेंबरमध्ये रशियाच्या 'तास' वृत्तसंस्थेने निवेदन काढलं, त्यात कोणाचीच बाजू घेतली नाही. चीनच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. कम्युनिस्ट मित्र देश आणि भारत यांना रशियाने एका तराजूत तोललं.

मग आला ऑक्टोबर १९६२. २० तारखेला चीनने हल्ला केला. २२ तारखेला केनेडी यांनी क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांची गोष्ट जगासमोर मांडली. आता रशियाला चीनच्या पाठिंब्याची गरज पडली. २५ ऑक्टोबरच्या 'प्रवदा'ने चीनच्या बाजूने लिहिलं, मॅकमहोन रेषेवर टीका केली. ज्या मिग-२१ विमानांचा करार आपण नुकताच केला होता, त्यांचं काय होणार अशी शंका दिल्लीत निर्माण झाली. २८ तारखेला क्यूबाचा पेच सुटला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'प्रवदा'चा सूर पुन्हा तटस्थ झाला. पुढे मिग-२१ आपल्याला मिळालीही.

या पंधरा दिवसांचा मी अनेकदा विचार केला आहे. रशियाने भारताला कायमचं सोडलं नाही आणि चीनलाही कायमचं धरलं नाही. स्वतःच्या गळ्याशी आलं तेव्हा जो जास्त उपयोगी त्याच्याकडे झुकला, संकट टळलं तसा परत मध्यावर आला. पण आपल्या जवानांसाठी ते पंधरा दिवसच महत्त्वाचे होते. नामका चू आणि तवांग याच काळात गेलं.

मित्राच्या सीमेवर रणगाडे

१९६९ मध्ये तर हे दोन मित्र एकमेकांवर गोळ्या झाडत होते. उसुरी नदीत एक बेट आहे. चिनी नाव झेनबाओ, रशियन नाव दमान्स्की. आकार जेमतेम पाऊण चौरस किलोमीटर. २ मार्चला चिनी सैनिकांनी रशियन गस्ती तुकडीवर दबा धरून हल्ला केला. १५ मार्चला मोठी लढाई झाली, रशियाने ग्राद रॉकेटांचा मारा केला. रशियाचा एक टी-६२ रणगाडा बर्फात अडकला. तो चिन्यांनी नदीतून ओढून काढला आणि बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात ठेवला.

संबंध इतके बिघडले होते की रशियन पंतप्रधान कोसिगिन यांनी फोन केला तेव्हा चिनी टेलिफोन ऑपरेटरने तो जोडून द्यायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये कोसिगिन आणि चौ एन लाय बीजिंगच्या विमानतळावर भेटले, त्यानंतर आग थोडी शमली. हे सगळं झालं तेव्हा १९५० चा युतीचा करार कागदावर जिवंत होता! त्याची मुदत १९८० मध्ये संपली, आणि चीनने तो पुढे वाढवला नाही.

पुढची दोन वर्षं आपल्या फायद्याची ठरली. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले. ९ ऑगस्टला आपण रशियाशी करार केला. डिसेंबरच्या युद्धात चीन हलला नाही. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होत्या हे एक कारण, आणि चीनच्या उत्तर सीमेवर उभं असलेलं रशियन सैन्य हे दुसरं. शत्रूचा शत्रू आपल्या कामी आला, तो असा.

त्या १९७१ च्या कराराचं नववं कलम काढून वाचा. हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोन्ही देश ताबडतोब सल्लामसलत करतील आणि योग्य ती पावलं उचलतील, असं त्यात आहे. सैन्य पाठवतील असं नाही. आता १६ जुलै २००१ चा रशिया-चीन करार घ्या. योगायोग म्हणजे तिथेही नववंच कलम, आणि तिथेही धोका निर्माण झाला तर ताबडतोब संपर्क आणि सल्लामसलत एवढंच. २०२१ मध्ये हा करार पाच वर्षांसाठी वाढवला, पण त्यात लढण्याचं बंधन घातलं नाही. एकदा हात पोळल्यावर दोघांनीही शब्द मोजून वापरले आहेत.

मग जवळीक खोटी आहे का?

अजिबात नाही. असं समजणं धोक्याचं ठरेल. १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह बीजिंगला गेले. १९९१ आणि २००४ च्या करारांनी सीमा ठरली, २००८ मध्ये शेवटच्या बेटांचा व्यवहार पूर्ण झाला. सुमारे ४,२०० किलोमीटरची सीमा शांत झाली. ज्या फौजी माणसाने लांब सीमेवर पहारा दिला आहे, त्याला या वाक्याची किंमत कळते. १९७० च्या दशकात रशियाने त्या सीमेवर ४० च्या वर डिव्हिजन ठेवल्या होत्या. आज रशिया युक्रेनमध्ये लढू शकतो आणि चीन तैवानकडे आणि आपल्याकडे तोंड करून उभा राहू शकतो, कारण दोघांची पाठ सुरक्षित आहे. युती न करताच दोघांना एवढा मोठा लाभ मिळतो आहे.

शिवाय व्यापार. २०१४ मध्ये ३० वर्षांचा, ४०० अब्ज डॉलर्सचा गॅस करार झाला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये 'पॉवर ऑफ सायबेरिया' वाहिनीतून गॅस वाहू लागला. २०२३ मध्ये दोघांचा व्यापार २४० अब्ज डॉलर्सवर गेला. पाश्चात्त्य निर्बंधांखाली रशियाची अर्थव्यवस्था उभी राहिली, त्यात चीनने घेतलेल्या तेलाचा आणि पुरवलेल्या यंत्रांचा, इलेक्ट्रॉनिक भागांचा मोठा वाटा आहे.

तरीही हात आखडता का?

मला चार कारणं दिसतात.

पहिलं, फरफटत जाण्याची भीती. तुमच्या भांडणासाठी मी का मरू? ४ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिन आणि शी यांनी मैत्रीला 'मर्यादा नाहीत' असं जाहीर केलं. वीस दिवसांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. चीनने संयुक्त राष्ट्रांत निषेधाच्या ठरावावर तटस्थ राहणं पसंत केलं. क्रिमिया रशियाचा आहे असं चीनने आजवर मान्य केलेलं नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये बँकांवर निर्बंधांचा इशारा दिल्यावर चिनी बँकांनीच रशियाचे पैसे अडकवायला सुरुवात केली. त्या वर्षी चीनचा अमेरिका आणि युरोपीय संघाशी मिळून व्यापार रशियाशी असलेल्या व्यापाराच्या पाचपटीहून जास्त होता. दुकानदार एका गिऱ्हाइकासाठी सगळी पेठ सोडत नाही.

दुसरं, वाऱ्यावर सोडलं जाण्याची भीती. कोरियात चीनने आणि १९५८ मध्ये रशियाने हा अनुभव वेगवेगळ्या बाजूंनी घेतला. १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर हल्ला केला, तेव्हा व्हिएतनामचा रशियाशी करार होऊन चार महिनेही झाले नव्हते. रशियाने शस्त्रं दिली, सल्लागार दिले, पण चीनवर दुसरी आघाडी उघडली नाही. कागदावरचा शब्द आणि प्रत्यक्ष सैन्य यातलं अंतर दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

तिसरं, मोठा भाऊ कोण? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. युतीत कोणीतरी पुढारी असतो. १९५० मध्ये तो रशिया होता आणि चीनला ते सहन झालं नाही. आज युती झाली तर पुढारी चीन असेल, आणि रशियाला ते सहन होणार नाही. गॅसच्या दुसऱ्या वाहिनीवर वर्षानुवर्षं भावाची घासाघीस चालली, कारण चीनला ठाऊक आहे की विकणारा अडचणीत आहे. शस्त्रांचंही तेच. रशियाने सुखोई-२७ ची २०० विमानं चीनमध्ये बांधायचा परवाना दिला. चीनने सुमारे १०० बांधली, मग थांबून त्याच धर्तीचं स्वतःचं जे-११बी काढलं. रशिया चिडला, पण पुढे एस-४०० आणि सुखोई-३५ पुन्हा विकलेच. गरज दोघांची, विश्वास मोजका.

चौथं, जमीन. १८५८ च्या आयगुन आणि १८६० च्या पेकिंग करारांनी झारच्या रशियाने दुबळ्या चीनकडून सुमारे १० लाख चौरस किलोमीटर मुलूख घेतला. व्लादिवोस्तोक त्यातच येतं. आज रशियाच्या अतिपूर्व भागात जेमतेम ८० लाख लोक राहतात, आणि सीमेपलीकडच्या चीनच्या तीन ईशान्य प्रांतांत सुमारे साडेनऊ कोटी. २०२३ मध्ये चीनने नकाशांसाठी नियम काढला, त्यात व्लादिवोस्तोकसह काही रशियन ठिकाणांची जुनी चिनी नावं छापायला सांगितली. सरकारं गप्प बसतात, पण सैन्याचे नियोजक अशा गोष्टींची नोंद ठेवतात. कोणताही सेनापती शेजाऱ्याचा आजचा हेतू पाहून योजना आखत नाही, त्याची ताकद पाहून आखतो.

कोणी म्हणेल, रशियाला युतीच नको असेल. तसंही नाही. जून २०२४ मध्ये रशियाने उत्तर कोरियाशी करार केला, त्यात हल्ला झाल्यास लष्करी मदतीचं कलम आहे. उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कला जाऊन लढलेही. चीननेही १९६१ मध्ये उत्तर कोरियाशी तसाच करार केला आहे, आणि त्याचा तो एकमेव आहे. म्हणजे मोठ्या सत्ता लहान देशाशी युती करतात, कारण तिथे लगाम आपल्या हातात राहतो असं त्यांना वाटतं. बरोबरीच्या किंवा आपल्याहून वरचढ होऊ पाहणाऱ्या शेजाऱ्याशी त्या सौदा करतात.

आपण काय समजायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चीनशी युद्ध झालं तर रशिया चीनच्या बाजूने लढेल का? माझं उत्तर, नाही. रशिया आपल्या बाजूने लढेल का? तेही नाही. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान हुतात्मा झाले. आठवड्याभरात संरक्षणमंत्री मॉस्कोत होते. रशियाने आपल्याशी व्यवहार थांबवला नाही आणि चीनलाही दोष दिला नाही. सप्टेंबरमध्ये दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांची भेट मॉस्कोत झाली, रशियाने जागा दिली आणि बाजूला उभा राहिला. पुढेही साधारण हेच होईल असं धरून चाला.

माझी खरी काळजी वेगळी आहे. रशिया आज चीनवर जितका अवलंबून आहे तितका १९६२ मध्ये नव्हता. त्यामुळे तो आपल्याविरुद्ध लढणार नाही हे खरं असलं, तरी ऐन वेळी सुट्या भागांचं जहाज उशिरा निघू शकतं. एस-४०० चा करार आपण ऑक्टोबर २०१८ मध्ये केला, पाचही संच ठरल्या वेळेत मिळाले नाहीत, कारण रशिया स्वतः युद्धात गुंतला. तिथे वाईट हेतू नव्हता, तरी उशीर झाला. रणांगणावरच्या जवानाला पुरवठा का थांबला याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला गोळा हवा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं. रशियाशी मैत्री ठेवावी, कारण त्या मैत्रीमुळे मॉस्को पूर्णपणे बीजिंगच्या खिशात जात नाही. अमेरिका, फ्रान्स, जपान यांच्याशीही काम करावं. पण यांपैकी कोणाच्याही शब्दावर युद्धाची योजना उभी करू नये. दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती आणि साठा हे आपल्याच देशात असलं पाहिजे, आणि ते किती दिवस पुरेल हा प्रश्न आपण नागरिकांनी दर अर्थसंकल्पाला विचारला पाहिजे. त्या १९६२ च्या पंधरा दिवसांसारखे दिवस पुन्हा आले, तर त्या काळात आपल्याजवळ जे असेल तेच आपलं.

पुढच्या भागात आपण मध्य आशियाकडे वळू. कझाकस्तानपासून ताजिकिस्तानपर्यंत हेच दोन शेजारी एकमेकांना कसे जोखतात ते पाहू. प्रश्न नेहमीप्रमाणे लिहून पाठवा. जय हिंद.